खडू, मार्कर आणि अंगावरचे चित्र : कीथ हेरिंग

शाळेचा अखेरचा दिवस आला की मुले एकमेकांच्या गणवेशावर मार्कर पेनने सह्या करतात, चित्रे काढतात. ती शाई कितीही धुतली तरी जाणार नाही, याचाच त्यांना आनंद असतो. घरी गेल्यावर आईची बोलणी खावी लागतात, ती वेगळीच. कपड्यावर हाताने रेषा ओढण्याच्या या हौसेला चित्रकलेच्या इतिहासात मानाचे पान मिळवून देणाऱ्या कलावंतांमध्ये अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग यांचे नाव आधी घ्यावे लागते. अवघे एकतीस वर्षांचे आयुष्य आणि त्यातील जेमतेम दहा वर्षांची कारकीर्द. एवढ्या अवधीत त्यांनी रेल्वेच्या फलाटांवर, भिंतींवर, कातड्यावर, सुती टी-शर्टांवर आणि माणसांच्या उघड्या अंगावरही चित्रे काढली. चित्र भिंतीवर टांगता येते तसे ते अंगावर घालून गावभर हिंडताही येते आणि ते विकत घेण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह निभावणे किती कठीण आहे, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसून आले.

कीथ हेरिंग यांचा जन्म ४ मे १९५८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रेडिंग येथे झाला. जवळच्याच कुट्झटाउन या लहानशा गावात ते वाढले. वडील ॲलन हे व्यवसायाने अभियंता, परंतु त्यांना व्यंगचित्रे काढण्याची आवड होती. संध्याकाळी कामावरून परतल्यावर ते मुलाला जवळ घेऊन कागदावर प्राणी आणि गमतीदार माणसे काढून दाखवत. वॉल्ट डिस्नेचे चित्रपट, डॉ. स्यूस यांची बालपुस्तके आणि चार्ल्स शुल्झ यांची चित्रमालिका हे कीथचे पहिले गुरू. पुढे जगभर ओळखली गेलेली त्यांची जाड, एकसारखी, छाया-प्रकाश नसलेली रेषा याच पाठशाळेतील आहे. तीन बहिणींचा हा एकुलता भाऊ कुमारवयात काही काळ ख्रिस्तभक्त तरुणांच्या एका चळवळीकडे ओढला गेला होता. त्या काळातील प्रतिमा त्यांच्या चित्रांतून पुढेही डोकावत राहिल्या.

शालेय शिक्षण संपल्यावर १९७६ मध्ये त्यांनी पिट्सबर्ग येथील एका व्यावसायिक कलाशाळेत नाव घातले. जाहिरातीसाठी चित्रे काढणारा कारागीर होणे हा पोटापाण्याचा सुरक्षित मार्ग होता. मात्र दोन सत्रांतच त्यांचे मन त्यातून उडाले. त्यांनी शाळा सोडली आणि मैत्रिणीसह वाटेत मिळेल त्या मोटारीत बसून देश पालथा घातला. या भटकंतीच्या खर्चासाठी त्यांनी स्वतः छापलेले टी-शर्ट विकले. चरित्रकार हा तपशील ओझरता सांगून पुढे जातात. वास्तविक तो महत्त्वाचा आहे. नाव होण्याच्या कितीतरी आधी, चित्र काढलेला कपडा रस्त्यावर उभे राहून अनोळखी माणसाला विकण्याचा अनुभव या तरुणाने घेतला होता.

पिट्सबर्गला परतल्यावर त्यांनी तेथील कलाकेंद्रात लहानसहान नोकरी धरली आणि मिळेल तेवढे पाहिले, वाचले. बेल्जियन चित्रकार पिएर अलेशिन्स्की यांचे मोठे प्रदर्शन त्यांनी तेथे पाहिले आणि आपण काढत असलेल्या लहान आकृत्या मोठ्या आकारातही उभ्या राहू शकतील, असा धीर त्यांना आला. क्रिस्तो या कलावंताच्या व्याख्यानाचाही त्यांच्यावर परिणाम झाला. मैलोन्मैल लांबीचे कापड उघड्या माळावर ताणून बांधणारा हा कलावंत कलेला दालनाबाहेर, सर्वांच्या वाटेवर आणून ठेवत होता. १९७८ मध्ये हेरिंग न्यूयॉर्कला आले आणि स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये दाखल झाले.

त्या वेळचे न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून नुकतेच मागे सरकलेले, मोडकळीला आलेले आणि तरीही विलक्षण जिवंत असे शहर होते. भुयारी रेल्वेचे डबे आतून-बाहेरून रंगवलेले असत. वस्त्यांमधील मुले स्प्रेच्या रंगाने आणि जाड टोकाच्या मार्करने आपापली सांकेतिक नावे लिहून ठेवत. हीच मुले डेनिमच्या जाकिटांच्या पाठीवरही नावे आणि चित्रे रंगवत. आपण कोण, कोणत्या वस्तीचे, हे पाठीवर वागवत. पोलीस याला नासधूस म्हणत होते. हेरिंग यांना मात्र या अक्षरांमधील हाताचा वेग आणि खात्री पाहून आश्चर्य वाटले. केनी शार्फ आणि जाँ-मिशेल बास्किया हे त्यांचे समवयस्क मित्रही याच रस्त्यावरून चित्रकलेत आले.

१९८० मध्ये त्यांना स्वतःची जागा सापडली. भुयारी रेल्वेच्या फलाटांवर जाहिरातींसाठी चौकटी असत. जाहिरातीची मुदत संपली की त्यावर काळा, निस्तेज कागद चिकटवला जाई. अशा एका कोऱ्या काळ्या चौकटीकडे हेरिंग यांचे लक्ष गेले. ते जिना चढून वर रस्त्यावर गेले, पांढरा खडू विकत घेऊन परत आले आणि त्यांनी तेथेच चित्र काढले. पुढची पाच वर्षे हा क्रम चालू राहिला. कधी कधी एकाच दिवसात ते चाळीसपर्यंत चित्रे काढत. रांगणारे आणि अंगातून किरण फेकणारे बाळ, भुंकणारा कुत्रा, उडत्या तबकड्या, नाचणारी माणसे. पुढची गाडी येण्याआधी चित्र पूर्ण व्हायला हवे, पोलिसाने हटकण्याआधी व्हायला हवे आणि खडू असल्याने एखादी रेषा चुकली तरी मागे फिरून ती दुरुस्त करण्याइतका वेळ नाही, अशा स्थितीत त्यांचा हात तयार झाला. अनेकदा त्यांना पकडण्यात आले, दंड झाला. गाडीची वाट पाहणारे प्रवासी त्यांच्याभोवती उभे राहून प्रश्न विचारत. त्या प्रवाशांसाठी हेरिंग यांनी बाळाचे आणि कुत्र्याचे चित्र असलेले बिल्ले तयार करून घेतले होते, ते फुकट वाटत. चित्र फलाटावरच राहून जाई. बिल्ला मात्र माणसाच्या छातीवर बसून घरी जात असे. कपड्याला चिकटून फिरणारे त्यांचे पहिले चित्र हे होते, असे म्हणता येईल.

या काळात एंजल ऑर्टिझ हा पोर्तो रिकन कुटुंबातील एक किशोरवयीन मुलगा त्यांना भेटला. शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात तो 'एलए टू' या नावाने भिंतींवर लिहीत असे. त्याच्या अक्षरांचा घाट हेरिंग यांनी आधीच पाहून ठेवला होता आणि ते त्याच्या शोधात होते. वयात जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर असूनही दोघे बरोबरीने काम करू लागले. हेरिंग यांनी जाड रेषेत आकृत्या काढाव्यात आणि उरलेली प्रत्येक बोटभर जागा ऑर्टिझ यांनी आपल्या वळणदार खुणांनी भरून टाकावी, अशी ही जुगलबंदी होती. हाताला मिळेल ती वस्तू त्यांनी मार्करने भरून काढली. मातीची भांडी, मोटारीचे पत्रे, स्वातंत्र्यदेवतेची प्रतिकृती, कातडी आणि अर्थातच कपडे.

मार्करविषयी येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण हेरिंग यांच्या रेषेचे आणि या साधनाचे नाते निकटचे आहे. पक्क्या शाईचा मार्कर ही चित्रकलेच्या मानाने अगदी अलीकडची वस्तू. काचेच्या बाटलीला नमद्याची वात बसवलेला 'मॅजिक मार्कर' अमेरिकेत १९५३ मध्ये बाजारात आला आणि लेखणीसारखा हातात बसणारा 'शार्पी' १९६४ मध्ये. या शाईत तीन गोष्टी असतात. रंग, तो धरून ठेवणारी राळ आणि दोहोंना पातळ ठेवणारे, हवेत पटकन उडून जाणारे द्रावण. टोक कापडाला लागताच द्रावण धाग्यांमध्ये शिरते आणि उडून जाते. राळेने धरलेला रंग तेवढा धाग्यावर मागे राहतो. पाण्याला ही राळ दाद देत नाही. म्हणून असा रंग साध्या धुण्याने जात नाही.

कागदावर चालणारा हात कापडावर मात्र अडखळतो. सुती कापड शाई पिते आणि वातीसारखी ती आजूबाजूला पसरवते; हात क्षणभर थांबला की तेथे डाग मोठा होतो. विणलेला टी-शर्ट रेषेबरोबर ओढला जातो, म्हणून तो ताणून धरावा लागतो आणि शाई पाठीमागच्या पदराला लागू नये यासाठी आत पुठ्ठा घालावा लागतो. डेनिम खरखरीत असल्याने टोक उडते. कमावलेले कातडे शाई सावकाश घेते, त्यावर रेषा काठोकाठ स्वच्छ येते. नेहमीच्या मार्करची शाई पारदर्शक असल्याने ती गडद कापडावर दिसतच नाही. तेथे अपारदर्शक रंगाचे पेन किंवा सरळ कुंचला घ्यावा लागतो. सर्वांत मोठी अडचण म्हणजे खोडता येत नाही. न थांबता, कच्चे रेखाटन न करता, एका दमात रेषा ओढणाऱ्याचेच हे काम आहे. फलाटावर खडूने तयार झालेला हेरिंग यांचा हात नेमका असा होता. मार्करची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची येते. इतर चित्रकारांना तो दोष वाटे. हेरिंग यांना तीच रेषा हवी होती.

ऑक्टोबर १९८२ मध्ये टोनी शाफ्राझी यांच्या दालनात हेरिंग यांचे मोठे प्रदर्शन झाले आणि त्यांचे नाव एका रात्रीत सर्वतोमुखी झाले. उद्घाटनाला संग्राहक आणि समीक्षक आले, तशी भिंती रंगवणारी मुलेही आली. ऑर्टिझ यांच्यासह केलेल्या वस्तूही त्यात मांडलेल्या होत्या. चित्रांना भराभर गिऱ्हाइके मिळू लागली. त्यानंतर हेरिंग जेथे जात तेथे लोक त्यांच्यापुढे काहीतरी धरत. वही, पिशवी, हातावरचे प्लॅस्टर, जाकिटाची पाठ, अंगावरचा टी-शर्ट. खिशातला मार्कर काढून ते त्यावर बाळ किंवा कुत्रा काढून देत आणि त्याचे पैसे घेत नसत. अशी किती चित्रे त्यांनी वाटली असतील, याचा हिशोब कोणीही ठेवलेला नाही.

उंची पोशाखांच्या जगाचेही लक्ष आता तिकडे गेले. लंडनच्या विख्यात वेशभूषाकार व्हिव्हियन वेस्टवुड आणि त्यांचे सहकारी माल्कम मॅक्लारेन न्यूयॉर्कला आले असता त्यांची हेरिंग यांच्याशी गाठ पडली. १९८३ च्या हिवाळ्यासाठी वेस्टवुड यांनी केलेल्या 'विचेस' या संग्रहातील कापडावर हेरिंग यांच्या आकृत्या आल्या. ज्या आकृत्या फलाटावर फुकट पाहायला मिळत होत्या, त्या आता पॅरिसच्या पोशाख-प्रदर्शनात मिरवू लागल्या.

कापडाच्या एक पाऊल पुढे जाऊन त्यांनी माणसाच्या शरीरावरच रेषा ओढल्या. १९८३ मध्ये लंडनमध्ये नर्तक बिल टी. जोन्स यांचे सर्वांग त्यांनी पांढऱ्या रेषांनी रंगवले. १९८४ मध्ये अँडी वॉरहॉल यांच्या पुढाकाराने गायिका ग्रेस जोन्स यांच्या अंगावर त्यांनी चित्रे काढली आणि रॉबर्ट मॅपलथॉर्प यांनी त्याची छायाचित्रे टिपली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या वाढदिवसानिमित्त हेरिंग यांनी 'पॅराडाइज गॅरेज' या नृत्यगृहात मोठा सोहळा केला. त्या वेळी नुकतीच प्रसिद्धीला येऊ लागलेली मॅडोना तेथे गायली, ती हेरिंग यांनी रंगवलेला पोशाख घालून. दोन वर्षांनी ग्रेस जोन्स यांच्या एका गाण्याच्या चित्रफितीसाठी त्यांनी प्रचंड घेराचा पांढरा घागरा जमिनीवर पसरून काळ्या रेषांनी भरून काढला. खोलीभर पसरलेल्या त्या कापडावर ते स्वतः चालत होते आणि चालता चालता रेषा ओढत होते. मार्करचे टोक तेथे पुरे पडणार नव्हते, हातात कुंचला होता. हात मात्र तोच, न अडखळणारा.

या सगळ्या झगमगाटात एक गोष्ट त्यांना खुपत होती. फलाटावरील खडूची चित्रे लोक पाती लावून कागदासकट सोलून नेऊ लागले होते आणि ती पैसे घेऊन विकली जात होती. जे सर्वांसाठी काढले ते कोणा एकाच्या कपाटात जात होते आणि गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासाठी तेथे काही उरत नव्हते. १९८५ च्या सुमारास हेरिंग यांनी भुयारी रेल्वेतील चित्रे काढणे थांबवले. दुसरीकडे, त्यांच्या आकृत्या छापलेले नकली टी-शर्ट अनेक देशांत विकले जाऊ लागले होते. हाताने काढलेली प्रत्येक वस्तू मौल्यवान ठरत होती आणि म्हणूनच ती सामान्य माणसाच्या हातून निसटत होती. नकला मात्र सर्वत्र होत्या, त्यांत रेषेचा जीव नव्हता.

यावर त्यांनी काढलेला उपाय धाडसी होता. एप्रिल १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधील लफाएट रस्त्यावर २९२ क्रमांकाच्या जागेत त्यांनी 'पॉप शॉप' हे दुकान उघडले. आतल्या भिंती, छत सारे त्यांनी स्वतः पांढऱ्यावर काळ्या रेषांनी रंगवले. गिऱ्हाईक आत शिरले की ते एखाद्या चित्राच्या पोटातच उभे राही. विक्रीला टी-शर्ट, बिल्ले, भित्तिपत्रके, फ्रिजवर लावायचे चुंबक अशा वस्तू होत्या. बास्किया आणि शार्फ यांच्याही वस्तू तेथे मिळत. प्रत्येक टी-शर्टवर स्वतः मार्कर चालवणे अर्थातच शक्य नव्हते, म्हणून चित्र जाळीच्या चौकटीतून छापले जाई. पण मूळ रेखाटन त्यांचे, रंगाची निवड त्यांची आणि किंमत शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल अशी. दालनात ज्यांचे चित्र हजारो डॉलरला जात होते तो चित्रकार गल्ल्यामागे उभा राहून टी-शर्ट विकत होता.

कलाजगताला हे रुचले नाही. हेरिंग यांनी कला विकायला काढली, ते चित्रकार न राहता दुकानदार झाले, अशी टीका झाली. लाखोंचे व्यवहार बंद दालनात चालणे प्रतिष्ठेचे आणि टी-शर्ट उघड्या दुकानात विकणे हीन, हा न्याय विचित्रच म्हणावा लागेल. वॉरहॉल यांनी मात्र या कल्पनेला पाठिंबा दिला होता. तरीही टीका हेरिंग यांच्या मनाला लागली. अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांनी त्यांच्या हयातीत त्यांना दूरच ठेवले, याची खंत त्यांना होती.

दुकान केवळ पैशासाठी नव्हते, हे त्यांच्या इतर कामावरून दिसते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी १९८५ मध्ये भित्तिपत्रक तयार केले आणि पुढील वर्षी त्याच्या वीस हजार प्रती वाटल्या. १९८६ च्या उन्हाळ्यात हार्लेम भागातील एका मैदानाच्या भिंतीवर त्यांनी 'क्रॅक' या अंमली पदार्थाविरुद्ध भले मोठे चित्र परवानगीविना काढले. त्यांच्या ओळखीचा एक तरुण त्या व्यसनात सापडला होता. या चित्राबद्दल आधी दंड झाला आणि लोकमत त्यांच्या बाजूला वळताच पुन्हा तेथेच चित्र काढण्याचे निमंत्रण मिळाले. ते चित्र तेथे जतन करण्यात आले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या भिंतीवर त्यांनी सुमारे तीनशे फूट लांबीची, हातात हात गुंफलेल्या माणसांची साखळी रंगवली. रुग्णालये, अनाथालये आणि शाळा यांच्या भिंती त्यांनी अनेक देशांत रंगवल्या. मुलांबरोबर काम करताना ते त्यांच्याच हाती मार्कर देत. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त १९८६ मध्ये सुमारे एक हजार मुलांना घेऊन त्यांनी नव्वद फूट उंचीचा पडदा तयार केला. बाह्यरेषा हेरिंग यांच्या, आतला मजकूर आणि चित्रे मुलांची.

जानेवारी १९८८ मध्ये टोकिओतही पॉप शॉप निघाले. जहाजावर माल वाहणाऱ्या लोखंडी पेट्या जोडून हे दुकान उभारले होते. जपानी तरुणांना हेरिंग यांचे वेड होते, पण बाजारात नकली मालाचा आधीच इतका सुळसुळाट झालेला होता की अस्सल टी-शर्टसाठी थोडे जास्त पैसे मोजायला कोणी तयार होईना. दुकान त्याच वर्षी बंद करावे लागले. नकलांवर उपाय म्हणून काढलेले दुकान नकलांनीच गिळले.

तोवर त्याहून मोठे संकट दारात उभे होते. हेरिंग समलिंगी होते आणि त्यांनी ते कधी लपवले नव्हते. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एड्सने त्यांचे एकामागून एक मित्र नेले. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषधोपचार नव्हता आणि समाजात भीती व तिरस्कार मात्र भरपूर होता. १९८७ च्या फेब्रुवारीत वॉरहॉल शस्त्रक्रियेनंतर वारले, १९८८ च्या ऑगस्टमध्ये बास्किया अंमली पदार्थांमुळे गेले. त्याच वर्षी हेरिंग यांना स्वतःला एड्स झाल्याचे निदान झाले. त्यांनी हे दडवले नाही. १९८९ मध्ये एका प्रसिद्ध नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत ते जाहीरपणे सांगितले. अज्ञान आणि मौन हेच या रोगाचे मोठे साथी आहेत, हे सांगणारे भित्तिपत्रक त्यांनी त्याच वर्षी केले. डोळे, कान आणि तोंड झाकून घेतलेल्या तीन आकृत्या त्यावर आहेत. टी-शर्टवर ते चित्र घालून माणसे मोर्च्यात चालली. छातीवरचे चित्र येथे फॅशन राहिले नव्हते. ते घालून रस्त्यावर उतरायला धैर्य लागत होते.

उरलेल्या दिवसांत त्यांनी झपाट्याने काम केले. १९८९ मध्ये एड्सग्रस्तांसाठी आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत मिळावी म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच वर्षी जूनमध्ये इटलीतील पिसा येथे सेंट अँथनीच्या चर्चच्या मागील भिंतीवर 'तुत्तोमोन्दो' हे भित्तिचित्र पूर्ण केले. सुमारे १८० चौरस मीटर जागेत एकमेकांत गुंतलेल्या तीस आकृत्या आहेत. स्थानिक विद्यार्थी रंग भरायला मदतीला होते आणि गावकरी खाली जमून पाहत होते. १६ फेब्रुवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये हेरिंग यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पेनसिल्व्हेनियात, ज्या गावात वडिलांच्या शेजारी बसून ते चित्र काढायला शिकले त्याच्या परिसरातील एका शेतात विखुरण्यात आली. ४ मे रोजी, म्हणजे त्यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथिड्रलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ मोठी सभा झाली.

मृत्यूनंतर त्यांच्या चित्रांच्या किमती चढत गेल्या. लिलावात लाखो डॉलर मिळू लागले. ज्या संग्रहालयांनी त्यांना दूर ठेवले होते त्यांनी मोठी प्रदर्शने भरवली. एंजल ऑर्टिझ यांचे नाव मात्र दोघांनी मिळून केलेल्या कामांच्या उल्लेखातून अनेक वर्षे गाळले जात होते. ऑर्टिझ आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा कुठे संग्रहालये आणि लिलावगृहे दोन्ही नावे लिहू लागली. मोकळी जागा भरून काढणारा हात कोणाचा, हे ओळखायला चित्र बारकाईने पाहावे लागते. बहुतेकांनी तेवढा वेळ काढला नव्हता.

जाकिटांवर आणि टी-शर्टांवर मार्करने काढून दिलेल्या चित्रांपुढे वेगळाच पेच उभा राहिला. ती भेट म्हणून दिलेली, पावती नाही, नोंद नाही. आणि रेषा इतकी साधी की नक्कल करणाऱ्याचे फावते. कोणते चित्र अस्सल हे ठरवणारी समिती प्रतिष्ठानाने चालवली होती, ती २०१२ मध्ये विसर्जित केली. त्यानंतर घरातल्या जुन्या टी-शर्टवरचे बाळ खरोखर हेरिंग यांच्या हातचे आहे, असा अधिकृत निर्वाळा प्रतिष्ठानाकडून मिळण्याची सोय राहिली नाही. ज्याच्यासाठी ते काढले गेले त्याला तो मिळण्याची गरजही नसते, हे खरे. विकत घेणाऱ्याला असते. शिवाय या वस्तू टिकवणे हेही जिकिरीचे काम आहे. मार्करची शाई पाण्याला दाद देत नसली तरी उजेडापुढे ती हळूहळू विरते. त्यामुळे असे कपडे संग्रहालयात मंद प्रकाशात ठेवावे लागतात. भर उन्हात मिरवण्यासाठी काढलेली ही चित्रे आता अंधाऱ्या खोलीत, काचेआड असतात.

त्यांच्या आकृत्यांचे टी-शर्ट मात्र थांबले नाहीत. प्रतिष्ठानाच्या परवानगीने युनिक्लोसारख्या कंपन्यांनी ते जगभर पोहोचवले आणि त्यातून मिळणारे पैसे प्रतिष्ठानाच्या कामाला लागले. न्यूयॉर्कचे पॉप शॉप हेरिंग यांच्यानंतर पंधरा वर्षे चालू राहिले आणि २००५ मध्ये बंद झाले. त्याच्या रंगवलेल्या छताचा एक भाग शहराच्या इतिहास संग्रहालयाला देण्यात आला. तेथे तो आत शिरताच लागणाऱ्या तिकिटाच्या टेबलावर, येणाऱ्याच्या डोक्यावर बसवलेला आहे.